पर्यावरणाचा पाठपुरावा : एका दबावगटाची पूर्वपीठिका

मंठ्याहून जिंतूरच्या दिशेने निघालेला रस्ता परभणी जिल्ह्यात शिरल्यानंतर सेलूकडे वळणारा एक फाटा लागतो. तो देवगाव फाटा. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५४८-ब येथूनच सेलू, पाथरी, परळी वैजनाथमार्गे लातूरकडे आणि पुढे कर्नाटकात जातो. फाटा म्हटला की एस.टी.ची वाट पाहणारी माणसे, चहाची हॉटेले आणि त्यांच्या बाकांवर रंगणारी चर्चा हे सारे ओघाने आलेच. दौऱ्यावर असताना अशाच एका बाकावर प्रस्तुत लेखकाला शेजारच्या गावच्या एका ग्रामपंचायत सदस्याने प्रश्न केला : “साहेब, मुंबईतले काही लोक कोर्टात गेले आणि खाडीतली झाडं तोडायची बंद झाली, असं पेपरात वाचलं. त्यांना हा अधिकार दिला कुणी? ते काय निवडून आलेले आहेत?”

प्रश्न रास्त होता. गावातील नाली कोणत्या गल्लीतून न्यावयाची याचाही जाब ज्याला ग्रामसभेत द्यावा लागतो, त्याला कोणाच्याही मताने न निवडलेली मूठभर माणसे राज्याचे धोरण बदलून घेतात याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. तेवढ्यात गाडी आली आणि उत्तर अर्धवट राहिले. ते येथे सविस्तर देण्याचा प्रयत्न आहे.

सभागृहाबाहेरचे दालन

‘लॉबी’ हा शब्द आपल्याकडे काहीशा संशयाने उच्चारला जातो. मूळ अर्थ साधा आहे. विधिमंडळाच्या सभागृहाबाहेर असलेले, सदस्यांना भेटण्याचे दालन म्हणजे लॉबी. तेथे जाऊन आपले म्हणणे प्रतिनिधींच्या कानी घालणाऱ्यांना हेच नाव चिकटले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतून यासाठी ‘दबावगट’ असा शब्द वापरतात. राजकीय पक्ष सत्ता मिळविण्यासाठी निवडणूक लढवितो. दबावगट निवडणूक लढवीत नाही, सत्तेवर असलेल्यांकडून विशिष्ट निर्णय करवून घेण्याचा प्रयत्न करतो. व्यापाऱ्यांची मंडळे, साखर कारखान्यांचे संघ, कामगार संघटना हे सारे दबावगटच होत. वेतनश्रेणीसाठी निवेदने देणाऱ्या शिक्षक संघटनांच्या सभासदांना तर हे समजावून सांगावयास नको.

पर्यावरणासाठी काम करणारा गट मात्र एका बाबतीत या सर्वांहून वेगळा ठरतो. साखर संघ उसाबद्दल बोलतो, कारण ऊस त्याच्या सभासदांचा असतो. समुद्रकिनारा, डोंगराचा उतार किंवा नदीचे पात्र हे कोणा एकाचे नसते. म्हणून त्याच्या वतीने बोलणेही कोणा एकाचे काम राहत नाही. जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हे, हा अनुभव गावच्या गायरानाच्या बाबतीत प्रत्येक पंचायतीने घेतलेला आहे.

कायद्यांचे दशक

महाराष्ट्रात निसर्गाविषयीच्या संघटित कामाची परंपरा जुनी आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. पण तिचे मुख्य कार्य अभ्यासाचे. शासनदरबारी पाठपुरावा करणारी संस्था उभी राहण्यासाठी आधी ज्याच्या आधारे पाठपुरावा करावयाचा ते कायदे असावे लागतात. ते १९६९ नंतरच्या दहा-बारा वर्षांत झाले.

या बाबतीत आपले राज्य केंद्राच्याही पुढे होते. पाण्याच्या प्रदूषणास आळा घालणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९६९ चा. त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले. केंद्राचा जलप्रदूषणविषयक अधिनियम १९७४ साली झाला. दरम्यान जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावरील जागतिक परिषद भरली व तेथे तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी भाषण केले. (त्याच पावसाळ्याने मराठवाड्याला दगा दिला आणि १९७२ चा दुष्काळ पडला, हे येथील जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. खडी फोडणाऱ्या हातांना स्टॉकहोमची वार्ता कळली नसेल. पण जमीन, पाणी आणि झाड यांचा माणसाच्या पोटाशी काय संबंध आहे, हे त्यांना परिषदेविनाच कळले होते.)

त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ४८-क आणि ५१-क ही दोन कलमे घातली. पहिल्याने पर्यावरणाचे संरक्षण करण्याचा प्रयत्न करावा असे राज्याला सांगितले. दुसऱ्याने वने, सरोवरे, नद्या व वन्यजीव यांचे जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. १९८० साली वन संवर्धन अधिनियम झाला व केंद्रात पर्यावरणाचा स्वतंत्र विभाग निघाला. भोपाळची वायुदुर्घटना डिसेंबर १९८४ ची; तिच्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आला.

कायदे झाले म्हणजे ते अंमलात आले असे नव्हे. कायदा आणि अंमल यांमधील जागेतच पाठपुरावा करणाऱ्याचे काम सुरू होते. १९७९ साली मुंबईत श्याम चैनानी यांच्या पुढाकाराने ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप’ ही संस्था स्थापन झाली, ती या जागेत. नावात मुंबई असली तरी तिचे लक्ष कोकणचा किनारा, सह्याद्रीवरील थंड हवेची ठिकाणे व राज्यातील वने यांवर राहिले. पुढे देबी गोएंका यांनीही तिच्यात दीर्घकाळ काम केले. २००५ साली त्यांनी ‘कन्झर्व्हेशन ॲक्शन ट्रस्ट’ ही वेगळी संस्था काढली. चैनानी २०१० मध्ये निवर्तले. पाठपुराव्याची हकीकत त्यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हेरिटेज अँड एन्व्हायर्नमेंट : ॲन इंडियन डायरी’ या इंग्रजी ग्रंथात सांगून ठेवली आहे.

या संस्थेने मोर्चे काढले म्हणून तिचे नाव झाले नाही. राजपत्र वाचणे, प्रादेशिक योजनेचे नकाशे मिळविणे, मसुद्यातील कोणत्या शब्दाने कोणती टेकडी मोकळी सुटते हे शोधणे, निवेदन देणे, संबंधित अधिकाऱ्यास भेटणे, उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठविणे, ही तिची रीत. न्यायालय शेवटी. कार्यालयात बसणाऱ्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. एखादे प्रकरण हलते ते पुष्कळदा त्याच्या गुणावगुणांमुळे नव्हे, तर कोणीतरी त्याची आठवण ठेवली म्हणून हलते, हे आपण सर्वच जाणतो.

एका पत्राचे दहा वर्षांत काय झाले

या पद्धतीचा उत्तम नमुना म्हणजे किनारा नियमनाची गोष्ट. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांनी किनारपट्टीवरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना एक पत्र पाठविले. भरतीचे पाणी जेथवर पोहोचते तेथपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून मोकळा ठेवावा, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र पंतप्रधानांचे, पण कायद्याचे बळ त्याला नव्हते. हॉटेल किंवा कारखाना काढणारा ते दाखवून थांबविता येत नव्हता. ज्यांनी हे पत्र विस्मरणात जाऊ दिले नाही, त्यांत ही संस्था होती. प्रथम मार्गदर्शक सूचना निघाल्या. शेवटी १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना प्रसिद्ध झाली. पत्राचा कायदा होण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. त्या अधिसूचनेत पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या आणि आज २०१९ ची अधिसूचना लागू आहे. परंतु किनाऱ्याला स्वतंत्र नियम असावा हे तत्त्व टिकले.

याच अधिनियमाचा दुसरा उपयोग विशिष्ट परिसराच्या संरक्षणासाठी झाला. ६ जानेवारी १९८९ च्या अधिसूचनेने मुरूड-जंजिरा परिसरात भरतीरेषेपासून एक किलोमीटरच्या पट्ट्यात उद्योगांना मनाई करण्यात आली. २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका, १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान हे परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाले. सर्व श्रेय एका संस्थेला देणे योग्य होणार नाही. यामागे स्थानिक मंडळी होती आणि, हे सांगण्यात संकोच नसावा, शासनातील कित्येक अधिकारीही होते. दबावगटाचे निवेदन फळाला येते ते बहुधा आत कोणीतरी ते मनापासून वाचणारा असतो तेव्हाच.

डहाणूचे उदाहरण विशेष बोलके आहे. तेथील औष्णिक वीजकेंद्राविरुद्धची न्यायालयीन लढाई पर्यावरणवाद्यांनी १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गमावली. वीजकेंद्र उभे राहिले. परंतु त्याच वर्षी वरील अधिसूचना निघाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्याच आदेशानुसार १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमण्यात आले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदरास परवानगी नाकारली आणि २०२३ मध्ये अटींसह दिली. एकदा मिळालेले संरक्षण कायमचे असते, असा समज यावरून कोणी करून घेऊ नये.

वन आणि झोपडी

आता फाट्यावरील सदस्याचा प्रश्न जेथे खरोखर बोचतो तेथे आले पाहिजे.

मुंबईच्या उत्तरेस बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्र सुमारे १०३ चौरस किलोमीटर. महानगराला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे तलाव याच वनाच्या आश्रयाने आहेत. वनाच्या कडेने व आतही झोपड्यांची वस्ती वाढत गेली. १९९५ साली या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि ७ मे १९९७ रोजी न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत ज्यांची नावे होती त्यांना पर्यायी जागा मिळावी, इतरांची घरे काढावीत, असे त्याचे स्वरूप होते. पुढील काही वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पर्यायी जागेसाठी कुटुंबाने ७ हजार रुपये भरावयाचे होते. रोजंदारीवर जगणाऱ्यास ही रक्कम लहान नव्हती. बहुतांश पात्र कुटुंबांचे पुनर्वसन अखेर चांदिवली येथे झाले, तेही प्रदीर्घ काळाने. त्याच वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासी पाड्यांचा प्रश्न तर आणखी वेगळा होता; अतिक्रमण हा शब्द त्यांना लावावा काय, याविषयी मतभेद राहिले.

वन वाचले पाहिजे होते याबद्दल दुमत नाही. ते आज मुंबईच्या कुशीत उभे आहे आणि त्यात बिबट्या नांदतो, याचे मोठे श्रेय त्या याचिकेला आहे. तरीही याचिकेची एक अंगभूत मर्यादा येथे स्पष्ट दिसते. ती ज्याची बाजू मांडते त्याचीच बाजू न्यायालयासमोर येते. झाडाला मत नसते म्हणून त्याच्या वतीने संस्था बोलली. झोपडीतील माणसाला मत होते, पण राजपत्र वाचण्याची सवड किंवा वकिलाची फी नव्हती. त्याची बाजू निवारा हक्क सुरक्षा समितीसारख्या संघटनांना मांडावी लागली. ‘ते निवडून आलेले आहेत काय’ या प्रश्नाचे उत्तर येथे ‘नाहीत’ असेच आहे, आणि ते पर्यावरणाचे काम करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संस्थेला अपयशही आले. मुंबईतील बंद गिरण्यांच्या जमिनींचा मोठा हिस्सा मोकळ्या जागा व सार्वजनिक घरे यांसाठी मिळावा म्हणून केलेल्या याचिकेचा निकाल उच्च न्यायालयात १७ ऑक्टोबर २००५ रोजी तिच्या बाजूने लागला. सर्वोच्च न्यायालयाने तो ७ मार्च २००६ रोजी फिरविला.

खाडीतली झाडे

सदस्याने वाचलेली बातमी होती ती खारफुटीची. समुद्रापासून दूर असलेल्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. भरतीचे खारे पाणी जेथे दिवसातून दोनदा चढते-उतरते अशा चिखलात वाढणारी ही झाडे. चिखलात हवा नसल्याने त्यांतील काहींची मुळे श्वास घेण्यासाठी जमिनीतून खुंट्यांसारखी वर येतात. ही झाडी लाटांचा मारा अडविते, गाळ धरून ठेवते, आणि मासे व कोळंबी यांची पिल्ले तिच्या आसऱ्याने वाढतात. शहराच्या दृष्टीने मात्र ती वर्षानुवर्षे भराव टाकण्याजोगी पडीक दलदल होती.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सेलू-जिंतूर भागात साऱ्या वर्षात जेवढा पाऊस पडतो, साधारण तेवढा एका दिवसात. नद्या, नाले आणि खाड्या बुजविल्याची किंमत त्या दिवशी शहराने मोजली. संस्थेची खारफुटीविषयीची याचिका तत्पूर्वीच, २००४ साली दाखल झालेली होती. ६ ऑक्टोबर २००५ रोजी उच्च न्यायालयाने राज्यभरातील खारफुटी तोडण्यास व तिच्यावर भराव टाकण्यास मनाई केली, खारफुटीचे क्षेत्र नकाशावर आणून शासकीय जमिनीवरील खारफुटी संरक्षित वन म्हणून जाहीर करण्यास सांगितले आणि तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्याचे आदेश दिले. वन विभागाचा स्वतंत्र खारफुटी कक्ष २०१२ साली स्थापन झाला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काशी विसंगत असल्याचे न्यायालयाने म्हटले.

म्हणजे तोड पूर्ण थांबली असे नव्हे. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठी उच्च न्यायालयाच्या परवानगीने ती करता येते. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठी डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे २० हजार झाडांच्या बाबतीत, या संस्थेचा विरोध असतानाही, तशी परवानगी मिळाली. फरक एवढा पडला की पूर्वी जे रातोरात डंपर ओतून होत असे, त्यासाठी आता संख्या सांगावी लागते, कारण द्यावे लागते आणि उलट बाजू ऐकून घ्यावी लागते.

अधिकार दिला कोणी?

त्यांना अधिकार कोणी दिला, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग न्यायालयाचा. पूर्वी ज्याचे स्वतःचे नुकसान झाले असेल त्यालाच दाद मागता येई. १९८० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने ही अट सैल केली आणि सार्वजनिक हितासाठी कोणत्याही नागरिकास याचिका करण्याची वाट मोकळी झाली. या वाटेवरील एक आरंभीचा निर्णय महानगरातला नसून मध्य प्रदेशातील रतलाम या गावचा आहे. उघड्या गटारांनी हैराण झालेल्या तेथील रहिवाशांच्या बाजूने १९८० साली निकाल लागला आणि नगरपालिकेची पैसे नसल्याची सबब न्यायालयाने मान्य केली नाही.

दुसरा भाग अधिक साधा व अधिक उपयोगाचा आहे. आपले बहुतेक पर्यावरणविषयक निर्णय होण्यापूर्वी त्यांचा मसुदा लोकांसमोर ठेवावा लागतो. अधिनियमाखाली एखाद्या परिसरावर निर्बंध घालावयाचे झाल्यास मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी होते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, प्रकल्प-अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहावयास मिळतो आणि त्याचा सारांश स्थानिक भाषेत असावा लागतो. मंजुरी दिली गेल्यावरही ३० दिवसांच्या आत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. आपल्या राज्यासाठीचे त्याचे पीठ पुण्यास आहे. मुंबईच्या संस्थेने ज्या अधिकाराने काम केले, तो हा आहे. तो तिला खास दिलेला नव्हता.

परभणी जिल्ह्यात समुद्र नाही. पूर्णा, दुधना आणि गोदावरी आहेत, आणि त्यांच्या पात्रांत वाळू आहे. वाळूचे गट ठरविण्यापूर्वी जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल तयार होतो. १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांसाठी ठेवावा लागतो व आलेल्या सूचनांचा विचार करूनच तो अंतिम करावा लागतो. कोणत्या ठिकाणी वाळू उपसल्याने पाणीपुरवठ्याची विहीर आटते, कोणता डोह उन्हाळ्यात जनावरांना शेवटपर्यंत पाणी पुरवितो, हे सर्वेक्षणाला येणाऱ्या पथकापेक्षा गावाला अधिक ठाऊक असते. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद २००२ च्या अधिनियमात आहे. नोंदवही नीट भरलेली असेल तर अशा वेळी तोच लेखी पुरावा ठरतो. कित्येक ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेलेली असते.

ही माहिती पत्राने देवगाव फाट्यानजीकच्या त्या सदस्यांना कळविली. त्यांचे उत्तर आठवड्यात आले. तात्त्विक चर्चेत त्यांना फारसा रस राहिलेला दिसला नाही. त्यांनी एवढेच विचारले होते की, २१ दिवस कोणत्या तारखेपासून धरावयाचे, आणि हरकत ग्रामसभेच्या ठरावाने द्यावी की नुसत्या अर्जाने चालेल. मसुदा लोकांसमोर ठेवल्याच्या तारखेपासून दिवस मोजावेत. अर्जही चालतो, परंतु ठराव जोडल्यास चांगले. आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये, असे त्यांना कळविले आहे.